महामारी आणि महापालिकेची तिजोरी

राज्यशास्त्राच्या तासाला 'स्थानिक स्वराज्य संस्था' हे प्रकरण शिकत असताना सरांनी प्रश्न विचारला, "साथ आली तर खर्च कोणी करायचा?" वर्गात कोणी उत्तर दिले नाही. मलाही देता आले नाही; वास्तविक मी संत तुकाराम नगरात, ज्याला सगळे 'वायसीएम' म्हणतात त्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयाच्या हाकेच्या अंतरावर वाढलो. म्हणून हा लेख.

प्रश्न जुनाच आहे. पुण्यामुंबईत प्लेगने थैमान घातले तेव्हा, फेब्रुवारी १८९७ मध्ये, इंग्रज सरकारने साथरोग प्रतिबंधक कायदा केला. अवघ्या चार कलमांचा हा कायदा. परंतु त्याच्या दुसऱ्या कलमात होणारा खर्च कोणी व कसा सोसावा हे ठरविण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे ठेवला आहे. मार्च २०२० मध्ये आपल्या राज्याने कोरोनासाठी हाच कायदा लागू केला. दरम्यान ७४वी घटनादुरुस्ती होऊन गेली होती. बाराव्या अनुसूचीने सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता ही कामे नगरसंस्थांच्या यादीत घातली, पण कोणते कर बसवावयाचे हे राज्य विधिमंडळाच्याच हाती राहिले. काम एकाचे आणि किल्ली दुसऱ्याची, असा हा संसार आहे.

पिंपरी-चिंचवडमध्ये पहिले रुग्ण मार्च २०२०च्या दुसऱ्या आठवड्यात आढळले. साडेसातशे खाटांचे वायसीएम कोरोनासाठी राखून ठेवण्यात आले. एवढ्यावरून सेवांवरील ताण कळतो असे आपण समजतो. पण ताणाची दुसरी बाजू रुग्णालयाच्या दाराबाहेर होती. बाळंतपण, अपघात, हाडमोड यांसाठी ज्या गोरगरिबांना हेच एक दार ठाऊक होते, त्यांना इतरत्र जावे लागले. शेजारच्या नेहरूनगरात अण्णासाहेब मगर स्टेडियमवर ऑगस्ट २०२० मध्ये आठशे खाटांचे जम्बो रुग्णालय उभे राहिले. रुग्ण घटल्यावर ते बंद झाले आणि २०२१च्या दुसऱ्या लाटेत पुन्हा उघडावे लागले. तात्पुरत्या व्यवस्थेचा खर्च असा दोनदा होतो.

पाण्याचे उदाहरण मला विशेष बोलके वाटते. शहरात नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी सुरू झाले होते. चारच महिन्यांनी 'वारंवार हात धुवा' असा आदेश आला. सारी माणसे दिवसभर घरात, आणि पाणी एक दिवसाआड!

आता तिजोरीकडे वळू. आपल्या महापालिकेला श्रीमंत म्हणत ते जकातीमुळे. कारखान्यांचा कच्चा माल नाक्यावरून आत येई आणि पैसा गोळा होई. १ एप्रिल २०१३ पासून जकात जाऊन स्थानिक संस्था कर आला, आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर राज्य शासन नुकसानभरपाईचे अनुदान देऊ लागले. २०१६-१७चे उत्पन्न पायाभूत धरून त्यावर दरसाल आठ टक्के वाढ, असे त्याचे गणित आहे. येथे माझ्या मनात एक विचार आला. एप्रिल २०२० मध्ये कारखाने बंद, मालमोटारी उभ्या. जकात असती तर त्या महिन्यात नाक्यावर जवळजवळ शुकशुकाटच असता. अनुदानाचा आकडा मात्र नाक्यावरच्या वर्दळीवर अवलंबून नव्हता. जकात गेल्याबद्दल हळहळणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे. अर्थात ज्याच्या हातून पैसा यावयाचा तो राज्याचा खजिनाही त्या वेळी रिता होत होता. ४ मे २०२०च्या आदेशाने राज्याने आपल्या विभागांच्या खर्चाला तेहतीस टक्क्यांची मर्यादा घातली आणि नवी कामे थांबविली.

मालमत्ता कराचे तसे नाही. हा कर करयोग्य मूल्यावर असतो, धंद्यावर नव्हे. दुकान तीन महिने बंद असले तरी भिंती जाग्यावर असतात, म्हणून कर लागू राहतो; फक्त भरणाऱ्याच्या खिशात पैसे नसतात. बांधकाम परवानगीचे उत्पन्न तर बांधकामे थांबली की आटते. जानेवारी २०२१ मध्ये राज्याने बांधकाम अधिमूल्यात पन्नास टक्के सवलत दिली. बांधकाम व्यवसायाला चालना मिळावी हा हेतू. पण अधिमूल्यातील महापालिकांचा वाटाही त्यामुळे घटणार होता. पीएमपीएमएलच्या बसेस थांबल्या, तरी त्या संस्थेच्या तुटीतील चाळीस टक्के भार आपल्या महापालिकेचा आहे, तो थांबत नाही. बस चालो वा न चालो, चालकाला पगार द्यावाच लागतो.

अशा वेळी कात्री कोठे लागते? वेतन, वीज, औषधे हा महसुली खर्च टाळता येत नाही. पुढे ढकलता येतो तो भांडवली खर्च. म्हणून साथीची खूण तिजोरीतील खड्ड्यापेक्षा न झालेल्या रस्त्यात, लांबलेल्या जलवाहिनीत शोधावी लागते, असे माझे मत आहे.

हे सारे लिहून झाल्यावर मी आईला वाचून दाखविले. ती ठेकेदाराकडे झाडूकाम करते. टाळेबंदीत रस्ते ओस असताना ती पहाटे साडेपाचला तोंडाला ओढणी बांधून निघे आणि परत आल्यावर आम्हांला जवळ येऊ न देता मोरीत अंघोळ करी. तिने विचारले, "तुझ्या त्या अंदाजपत्रकात आमचा पगार कुठल्या पानावर आहे?"

मी पाहिले. कायम कर्मचाऱ्यांचे वेतन आस्थापना खर्चात येते. ठेक्यावरच्या माणसाची मजुरी ठेक्याच्या रकमेत येते, झाडलेल्या रस्त्याच्या हिशेबात. म्हणजे न टाळता येणारे वेतन म्हणून मी वर जे लिहिले त्यात ती नव्हती. तिला मी ते पान दाखविले. तिने चष्मा लावून आकडा पाहिला आणि म्हणाली, "यात माणसं किती, ते नाही लिहिलेलं."