टक्-टक् करणारी हार्ड डिस्क फ्रीजरमध्ये ठेवावी का?

प्रश्न १ : शिरूरमध्ये माझा फोटो स्टुडिओ आहे. दोन लग्नांचं सगळं काम १ टीबीच्या एका पोर्टेबल हार्ड डिस्कवर होतं. ती टेबलावरून खाली पडली. आता लावली की टक्-टक् आवाज येतो आणि कॉम्प्युटरला ती दिसतच नाही. एक मित्र म्हणतो, पिशवीत गुंडाळून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेव, सकाळी चालू होईल. दुसरा म्हणतो, उघडून आतली सुई सरळ कर. यात तथ्य किती?
— एक वाचक, शिरूर

प्रश्न २ : आमच्या डेस्कटॉपची हार्ड डिस्क फार मंद झाली आहे. फोल्डर उघडायला पाच-पाच मिनिटं लागतात, काही फोटो तर उघडतच नाहीत. आवाज मात्र काही येत नाही. वडील रेल्वेतून निवृत्त झाले. घरचे सगळे कागद आणि आईचे जुने फोटो त्यांनी स्कॅन करून तिच्यावर ठेवले आहेत. विंडोज सारखं ‘स्कॅन करून दुरुस्त करू का’ असं विचारतं. हो म्हणू का? घरी काही करता येईल का? आमच्याकडे लाइटचाही भरवसा नसतो.
— एक वाचक, दौंड

उत्तर : दोघांचं दुखणं वेगळं आहे, म्हणून औषधही वेगळं. शिरूरच्या डिस्कला घरी हात लावू नये. दौंडच्या डिस्कवर घरी प्रयत्न करायला हरकत नाही, पण तो प्रत काढण्यापुरता. दुरुस्तीच्या फंदात दोघांनीही पडू नये.

आधी शिरूरकरांचं. पोर्टेबल डिस्कच्या आत आरशासारख्या गुळगुळीत तबकड्या असतात. त्या बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे घेतात. अडीच इंची डिस्कमध्ये तबकडीच्या काठाचा वेग ताशी ६५ किलोमीटरच्या आसपास जातो. तबकडीवरून वाचणारं हेड तिला टेकत नाही, काही नॅनोमीटर वर तरंगतं. माणसाचा केस हजारो नॅनोमीटर जाड असतो, यावरून ते अंतर किती बारीक आहे ते कळेल. डिस्क पडते तेव्हा सहसा या हेडला मार बसतो. वीज मिळाली की ते तबकडीवर जातं, आपण कुठे आहोत हे सांगणाऱ्या खुणा शोधतं, त्या सापडल्या नाहीत की जागेवर परत येतं आणि पुन्हा जातं. तुम्हाला येणारा टक्-टक् आवाज म्हणजे ही ये-जा. वाकलेलं हेड तबकडीला घासत असेल, तर प्रत्येक फेरीत वरचा चुंबकीय थर खरवडला जातो. तुमचे फोटो त्या थरातच आहेत. एकदा तो निघाला की कुठल्याही प्रयोगशाळेला तो परत लावता येत नाही.

फ्रीजरची युक्ती अगदीच हवेतली नाही. जुन्या काही डिस्कमध्ये हेड तबकडीला चिकटून बसायचं. थंडीने धातू किंचित आकसला की ते सुटायचं आणि डिस्क थोडा वेळ चालायची, असं जुने कारागीर सांगतात. पण तुमचं हेड चिकटलेलं नाही, मार खाल्लेलं आहे. शिवाय बहुतेक डिस्कना हवेचा दाब सारखा राहावा म्हणून गाळणी लावलेलं एक बारीक छिद्र असतं. ती गाळणी धूळ अडवते, बाष्प पूर्णपणे अडवत नाही. गार डिस्क बाहेरच्या दमट हवेत आली की आत दव धरू शकतं. अशा तबकडीवर हेड फिरवणं म्हणजे उरलंसुरलं घालवणं. तेव्हा फ्रीजर नको.

‘सुई सरळ करणं’ त्याहून वाईट. झाकण उघडायचं ते अतिस्वच्छ कक्षात, जिथे हवा सतत गाळली जाते. तिथेही हेड सरळ करत नाहीत, त्याच जातीच्या दुसऱ्या डिस्कचं काढून बसवतात. घरातल्या हवेतला धुळीचा एक कण हेड आणि तबकडीमधल्या अंतरापेक्षा कितीतरी मोठा असतो. पुण्यातल्या बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीतून तसाच सर्किट बोर्ड आणून बदलावा, असंही कुणी सुचवेल. पूर्वी कधीकधी त्याने काम भागायचं. आता प्रत्येक डिस्कची स्वतःची मोजमापं बोर्डावरच्या चिपमध्ये लिहिलेली असतात. ती चिप हलवल्याशिवाय नुसता बोर्ड बदलून उपयोग नाही, आणि मोडलेल्या हेडवर तर त्याचा काडीचाही इलाज नाही.

आशा कुठवर धरावी, याचं एक उदाहरण आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यान पृथ्वीकडे परतताना तुटलं आणि कल्पना चावलांसह सातही अंतराळवीर गेले. यानावरच्या एका भौतिकशास्त्रीय प्रयोगाची हार्ड डिस्क टेक्सासमधल्या एका कोरड्या तळ्याच्या पात्रात सापडली. प्लॅस्टिक वितळलेलं, आत धूळ शिरलेली. तरी क्रोल ऑनट्रॅक या कंपनीच्या तंत्रज्ञांनी तबकड्या साफ करून दुसऱ्या सांगाड्यात बसवल्या आणि सुमारे ९९ टक्के माहिती परत मिळवली. त्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. तबकड्यांचा माहिती असलेला भाग शाबूत होता, म्हणून हे जमलं. बाहेरून कोळसा झालेली डिस्क वाचते आणि बाहेरून नवीकोरी दिसणारी वाचत नाही, ती याच कारणाने. तुमच्या तबकड्या अजून शाबूत असतील, तर त्या तशाच राहू द्या. केबल काढा आणि ‘एकदा बघू’ म्हणूनही पुन्हा लावू नका.

आता खरं काम. डिस्कच्या आधी कॅमेऱ्याची कार्डं बाहेर काढा. त्या लग्नांनंतर कार्ड नुसतं फॉरमॅट केलं असेल, तर बहुतेक कॅमेरे फक्त फाइलींची यादी पुसतात, फोटो खाली तसेच असतात. वर नवीन शूटिंग झालं नसेल, तर ‘फोटोरेक’ हा मोफत प्रोग्राम त्यातलं बरंच काढून देतो. जी कार्डं नंतर वापरली, त्यांच्यावरही काही सापडू शकतं. दुसऱ्या कॅमेऱ्यावरच्या मदतनिसाची कार्डं, अल्बमसाठी लॅबला पाठवलेल्या फाइली, घरच्यांना निवडीसाठी दिलेले फोटो, इंटरनेटवर चढवलेला व्हिडिओ, हे सगळं गोळा करा. काय उरलं आणि काय गेलं, ते कळल्यावरच डिस्कवर किती खर्च करायचा ते ठरवा.

आता दौंडकर. विंडोजला ‘नाही’ म्हणा. ते जी दुरुस्ती करतं ती यादीची, तुमच्या फाइलींची नव्हे. यादी जुळवताना जे जुळत नाही ते ते तोडून टाकतं आणि आजारी डिस्कवर नवीन काहीबाही लिहीत बसतं. कधी ‘फॉरमॅट करा’ असंही विचारेल, तेव्हाही नाहीच म्हणा. विंडोज त्याच डिस्कवर असेल तर कॉम्प्युटर बंद करा, कारण नुसतं सुरू करतानाही तिला हजारो वेळा वाचावं आणि लिहावं लागतं.

मंद चालणं आणि काही फोटो न उघडणं, याचा अर्थ बहुधा तबकडीवरचे काही भाग वाचता येत नाहीत. मात्र स्वस्तातली शंका आधी फेडून घ्या. केबल सैल किंवा खराब असली तरी असंच होतं, म्हणून ती बदलून पाहा. मग डिस्कने स्वतःच ठेवलेली प्रकृतीची नोंद वाचा, विंडोज तिच्यावरच असेल तर तिला दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’सारखा मोफत प्रोग्राम ती दाखवतो. बदलून दिलेले, निकालाच्या प्रतीक्षेतले आणि न सुधारणारे सेक्टर (म्हणजे तबकडीवरचे छोटे भाग), अशा तीन ओळी बघा. गूगलने २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास मांडला. त्यात तपासणीत पहिली चूक दिसलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता, चूक नसलेल्या डिस्कच्या ३९ पट निघाली. त्याच अभ्यासात बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून जास्त डिस्कनी नोंदीतल्या मुख्य चार खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. म्हणजे नोंद वाईट असेल तर ती खरी माना, चांगली असेल तर तिच्यावर विसंबू नका.

प्रत काढायला तितकीच किंवा मोठी नवी डिस्क आणा. ‘सिस्टमरेस्क्यू’ ही लिनक्सवर चालणारी मोफत प्रणाली दुसऱ्या कॉम्प्युटरवर पेन ड्राइव्हमध्ये भरून घ्या आणि त्यावरून मशीन सुरू करा. तिच्यात ‘डीडीरेस्क्यू’ हा प्रोग्राम असतो. फाइली एकेक करून कॉपी करण्यात आणि यात मोठा फरक आहे. साधी कॉपी खराब जागी अडकते आणि तिथेच डोकं आपटत राहते. डीडीरेस्क्यू आधी सहज वाचता येणारा भाग उचलतो, खराब जागा ओलांडून पुढे जातो आणि सगळ्यात शेवटी त्या जागांकडे वळतो. डिस्क मधेच दगावली तरी मोठा हिस्सा हाती आलेला असतो. कुठवर आलो याची नोंद तो एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवतो. ती फाइल पेन ड्राइव्हवर किंवा तिसऱ्या डिस्कवर ठेवायला विसरू नका. लाइट गेली तर काम पुन्हा तिथूनच पुढे सुरू होतं.

एका ठिकाणी हात थरथरलाच पाहिजे. जुनी डिस्क कोणती आणि नवी कोणती, हे आज्ञा देण्याआधी लेबलवरचा अनुक्रमांक स्क्रीनवरच्या क्रमांकाशी ताडून पक्कं करा. उलटं झालं तर कोरी डिस्क आईच्या फोटोंवर ओतली जाईल आणि मग कुणीच काही करू शकणार नाही.

लाइटचं म्हणाल तर डेस्कटॉपच्या डिस्कला १२ व्होल्टचा पुरवठा लागतो, तो गेला की डिस्क लगेच थांबते. इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचं बटण ‘यूपीएस’वर ठेवा, म्हणजे लाइट गेल्यावर बॅटरीवरचा बदल लवकर होतो. शक्य असेल तर चांगल्या बॅटरीचा लॅपटॉप घ्या आणि डिस्कच्या जोडणीला वेगळा यूपीएस द्या. डिस्कवर टेबलफॅनचा वारा असू द्या. घाई नको. सेकंदाला १०० एमबीच्या वेगाने १ टीबीची प्रत तीन तासांच्या आत होते, पण वेग १ एमबीवर आला तर तेच काम अकरा दिवसांवर जातं. मधेच टक्-टक् किंवा खरखर सुरू झाली तर तिथेच थांबा. मग तुमचीही गत शिरूरकरांची, आणि सल्लाही तोच.

प्रत झाली की जुनी डिस्क काढून कपाटात ठेवा. पुढचे सगळे प्रयोग प्रतीवर, आणि जमलं तर प्रतीचीही प्रत काढून. यादी बिघडली असेल तर ‘टेस्टडिस्क’ हा प्रोग्राम मदत करतो. तेही नाही जमलं तर फोटोरेक फाइली काढून देतो, फक्त नावं आणि फोल्डर जातात, उरतात ते आकडे. कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोत तारीख आतच लिहिलेली असते, त्यावरून ते लावता येतात. स्कॅन केलेले आईचे फोटो मात्र वडिलांना शेजारी बसवूनच ओळखावे लागतील.

कागदांची चिंता थोडी कमी करा. डिजिटल सहीचा सातबारा २०१८ पासून महाभूमीच्या संकेतस्थळावर मिळतो, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका बोर्डाकडून पुन्हा मिळतात, आधार-पॅनचंही तेच. पुन्हा न मिळणारं काय आहे, त्याचीच किंमत धरा.

दोघांपैकी कुणालाही पुण्याला डेटा काढून देणाऱ्या प्रयोगशाळेत जावं लागलं, तर चार गोष्टी आधी लेखी विचारा. तपासणीचे पैसे किती? डेटा मिळाला नाही तर काय आकारणार? पैसे देण्याआधी वाचलेल्या फाइलींची यादी दाखवणार का? डिस्क उघडणार असाल तर स्वच्छ कक्ष तुमचा स्वतःचा आहे की पुढे कुणाला पाठवणार? पोर्टेबल डिस्क तिच्या डबीतून काढून देऊ नका, कारण काहींमध्ये डबीतलीच चिप माहिती सांकेतिक करते. नेताना फोममध्ये गुंडाळा आणि मांडीवर ठेवा. मोटारसायकलच्या डिकीत टाकून नगर रोडचे गतिरोधक तिला दाखवू नका.

आणि आता ज्यांची डिस्क ठणठणीत आहे, त्यांच्यासाठी. पीटर क्रोघ या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केलेला नियम सोपा आहे : तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. स्टुडिओवाल्यांनी निदान एवढं पाळावं, दोन वेगळ्या डिस्कवर प्रती झाल्याशिवाय कॅमेऱ्याचं कार्ड फॉरमॅट करू नये. घरच्यांनी एक जादा डिस्क भरून भावाच्या किंवा मुलीच्या घरी ठेवावी आणि वर्षातून एकदा उघडून पाहावी. ही दुसरी डिस्क घेण्याचा खर्च तुटलेल्या पहिलीतून डेटा काढण्याच्या खर्चापेक्षा नेहमीच कमी असतो. तेव्हा ती याच आठवड्यात घ्या.