जुन्या लॅपटॉपमधील नवी एसएसडी : दोषशोधनाची क्रमवार पद्धत

शाळा, ग्रामपंचायती व लहान कार्यालये यांच्याजवळील जुने लॅपटॉप मंद झाले, की ते निर्लेखित करण्याचा विचार सुरू होतो. वस्तुतः अशा यंत्रातील फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क काढून तेथे एसएसडी बसविल्यास ते यंत्र पुष्कळदा आणखी काही वर्षे उपयोगी पडते. एसएसडीमध्ये फिरणारा भाग नसतो. माहिती इलेक्ट्रॉनिक चिपांमध्ये साठविली जाते व म्हणून ती चटकन हाती येते. तथापि, हा बदल केल्यावर यंत्र सुरूच होत नाही, असेही घडते. अशा वेळी नवी वस्तू सदोष ठरविण्यापूर्वी जोडणी, ओळख आणि आरंभ या तीन टप्प्यांपैकी अडचण कोठे आहे, हे पाहणे अगत्याचे आहे.

जुनी डिस्क जपावी

दाखल्यांच्या नोंदी, हजेरीपट आणि हिशेब जुन्या डिस्कवरच असतात. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी त्यांची प्रत वेगळ्या ठिकाणी काढावी. नवी एसएसडी सुरळीत चालेपर्यंत जुनी डिस्क पुसू नये. ती शाबूत असेल, तर पूर्वस्थितीवर केव्हाही परतता येते.

जोडणी

यंत्र बंद करून चार्जर काढावा व शक्य असल्यास बॅटरीही वेगळी करावी. या पिढीतील बहुतेक लॅपटॉपमध्ये २.५ इंची साटा डिस्क असते. एसएसडीची जाडी सामान्यतः ७ मिलिमीटर, तर अनेक जुन्या यंत्रांतील खाचा ९.५ मिलिमीटरच्या असतात. परिणामी एसएसडी हलते आणि संपर्क सुटतो. अशा ठिकाणी प्लॅस्टिकची चौकट बसवावी.

एवढ्याने न भागल्यास जुनी डिस्क पुन्हा लावून पाहावी. तीही ओळखली जात नसेल, तर दोष बहुधा केबलचा वा खाचेचा होय. जुनी चालत असेल, तर नवी एसएसडी दुसऱ्या यंत्रात तपासावी. एम.२ प्रकारच्या पट्टीबाबत विशेष दक्षता हवी. साटा व एनव्हीएमई या दोन्ही पट्ट्या दिसावयास सारख्या असल्या, तरी केवळ साटासाठी असलेल्या खाचेत एनव्हीएमई पट्टी चालत नाही.

ओळख

यंत्र सुरू होताच एफ २ किंवा डिलीट यांसारखी नियत कळ दाबून बायोस उघडावे. २०११ च्या थिंकपॅड एक्स २२० मध्ये ही कळ एफ १ आहे. तेथे एसएसडीचे नाव दिसले, तर जोडणी बव्हंशी ठीक आहे असे समजावे.

कोरी एसएसडी यूएसबी केबलने जोडली असता विंडोजच्या नेहमीच्या यादीत दिसत नाही. हा दोष नव्हे. डिस्क मॅनेजमेंटमध्ये तिची प्रथम सिद्धता करून मग पार्टिशन पाडावे लागते. त्या वेळी क्षमता वाचून नवीच डिस्क निवडल्याची खात्री करावी. चुकीची डिस्क निवडल्यास नोंदी नष्ट होऊ शकतात.

आरंभ

बायोसमध्ये नाव दिसूनही यंत्र सुरू होत नसेल, तर प्रथम बूटचा क्रम पाहावा. त्यानंतर बूटची पद्धत तपासावी. एमबीआर रचनेच्या डिस्कवरून क्लोन केलेली एसएसडी सामान्यतः लेगसी पद्धतीत, तर जीपीटी रचनेची यूईएफआय पद्धतीत सुरू होते. साटाची पद्धत जुन्या विंडोजच्या वेळी आयडीई असेल व आता एएचसीआय झाली असेल, तर निळा पडदा येऊ शकतो. म्हणून कोणताही बदल करण्यापूर्वी मूळ नोंदी कागदावर उतरवून घ्याव्यात. यंत्राचे घड्याळ वारंवार चुकत असेल, तर बायोसचा लहान सेल संपला असण्याचा संभव असतो. अशा यंत्रात केलेले बदल टिकत नाहीत. बिटलॉकर चालू असेल, तर ४८ अंकी पुनर्प्राप्ती कळ अगोदरच हाती असावी.

क्लोन न करता नवी प्रणाली घालावयाची झाल्यास हेही ध्यानी घ्यावे, की विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० आवश्यक असल्याने पुष्कळ जुनी यंत्रे त्या अटीत बसत नाहीत. अशा यंत्रांसाठी सी-डॅकने विकसित केलेल्या बॉससारख्या लिनक्स प्रणालीचा विचार करता येतो. मात्र कार्यालयातील आवश्यक आज्ञावली तीवर चालतात काय, हे आधी पाहावे.

अखेरची दक्षता

जुन्या साटा २ जोडणीवर वेग सेकंदास सुमारे ३०० मेगाबाइटच्या वर जात नाही. एसएसडीवर यापेक्षा मोठा आकडा छापलेला असला, तरी हा बिघाड नव्हे. तबकडीच्या डिस्कवरील पुसलेली फाइल कधी कधी परत मिळविता येते. एसएसडीत मात्र ट्रिम या सोयीमुळे ती मिळणे बहुधा अशक्यच होते. म्हणून नियमित प्रत काढण्याची शिस्त अधिकच गरजेची ठरते. सर्व फाइली उघडून पाहिल्यावर व काही दिवस काम सुरळीत चालल्यावरच जुनी डिस्क पूर्णतः पुसून निकाली काढावी. यंत्र दुसरे घेता येते. गावाची किंवा शाळेची हरवलेली नोंद मात्र विकत मिळत नाही.