स्टिअरिंगला पॉलिश लावू नकोस, माय

अगं, बाबांची गाडी तुझ्याकडे कामरगावला आली हे फार बरं झालं. पण तिच्या स्टिअरिंगवर बाजारातलं स्वस्त कव्हर चढवायचं म्हणतेस, त्याआधी माझं ऐक. ते कव्हर घट्ट बसलं नाही तर ऐन वळणावर स्टिअरिंग जागच्या जागी राहतं आणि कव्हर तेवढं हातात फिरतं. कारंजाहून समृद्धी महामार्गावर चढलीस की गाड्या ताशी 120 किलोमीटरने धावतात. तिथे हातातली पकड सुटायला नको, एवढीच माझी काळजी. आणि आतलं कातडं अजून शाबूत आहे, फक्त त्याचं वरचं रूप गेलंय.

ते गेलं कशाने, हे आधी समजून घे. गाडीतल्या कातड्यावर रंगाचा थर असतो आणि त्यावर पातळसा पारदर्शक लेप. आपला हात लागतो तो या लेपाला. तळव्याचा घाम, अंगचं तेल, करोनापासून अंगवळणी पडलेलं सॅनिटायझर, सगळं त्याला खात राहतं. त्यात आपला वऱ्हाडातला मे महिना! काचा बंद करून उन्हात उभी असलेली गाडी आतून किती तापते, हे तुला काय सांगायचं. शिवाय तू शेतातून थेट गाडीत बसतेस. सोयाबीनचा भुसा, खताची धूळ हाताबरोबर स्टिअरिंगवर जाते आणि बारीक पॉलिश पेपरसारखी घासत राहते.

आणखी एक. जिथे स्टिअरिंग चकचकीत दिसतंय तो भाग चांगला आहे, असं समजू नकोस. या कातड्याचं मूळ रूप मंद असतं. ती चकाकी मळाची आणि तेलाची आहे.

म्हणून पहिलं काम धुण्याचं, रंगाचं नाही. लेदर क्लीनर मिळाला तर उत्तम, नाहीतर कोमट पाण्यात सौम्य बेबी शॅम्पूचे चार थेंब टाक. फक्त फेस घे, पाणी ओतू नकोस. जुन्या मऊ टूथब्रशने गोल गोल फिरव आणि लगेच ओल्या, मग कोरड्या फडक्याने पूस. फडकं काळं येईल, पुन्हा कर. स्वच्छ निघेपर्यंत कर. खूपदा एवढ्यानेच स्टिअरिंग उजळतं. तसं झालं तर तिथेच थांब, उगाच पुढचा खर्च करू नकोस.

धुतल्यावरही हात धरतो तिथे, घड्याळातल्या दहा-दोनच्या जागी, पांढुरकं, खरखरीत दिसत असेल, तर मात्र रंग द्यावा लागेल. आधी तिथे पाण्याचा एक थेंब ठेवून बघ. जिरून डाग गडद झाला तर कातडंच आहे, लेप गेलाय. थेंब तसाच राहिला आणि स्टिअरिंग हाताला चिकट लागलं, काळं निघालं, तर ते रबर किंवा रेक्झिन सडलंय. त्यावर कुठलाच रंग टिकणार नाही.

कातडं असेल तर हॉर्न आणि बटणांभोवती मास्किंग टेप लाव, खाली वर्तमानपत्र पसर. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा हलकेच फिरवून तेलकटपणा काढ. 800 नंबरच्या पॉलिश पेपरने फक्त उठलेली सालं बसव, शिवणीला अजिबात लावू नकोस. भेगा असतील तर लेदर फिलर पातळ भर आणि वाळू दे. मग पाण्यात मिसळणारा, कातड्यासाठीचाच रंग स्पंजने थापटत लाव. पातळ थर, तो वाळला की दुसरा. घाई इथेच नडते. जाड थर दिला की काही दिवसांत सोलून निघतो. शेवटी मॅट लेप दे आणि एक दिवस तरी गाडी चालवू नकोस. काळ्यातही छटा असतात, म्हणून रंग आधी स्टिअरिंगच्या मागच्या बाजूला लावून बघ.

बुटाचं पॉलिश किंवा खोबरेल तेल लावायला तुला कुणी ना कुणी सांगेलच. मुळीच लावू नकोस. पॉलिश हाताला आणि कपड्यांना लागतं, तेलाने स्टिअरिंग निसरडं होतं.

कातडंच फाटलं असेल तर नवं चढवावं लागेल. मुंबईला धारावीत कातड्याची दुकानं आहेत, तिकडे कुणी जाणार असेल तर साधारण एक मिलिमीटर जाडीचं मऊ कातडं मागव. चपलेचं जाड, कडक कातडं नको, ते गोलावर वळत नाही. ही शिवण जागेवरच हाताने घालावी लागते. आरी आणि मेणाचा दोरा चालवणारा चांगला कारागीर ती मशीनपेक्षा सरस घालतो, फक्त त्याच्या मजुरीत घासाघीस करू नकोस.

हे सगळं पावसाळ्यात काढू नकोस, रंग वाळत नाही. सोंगणी आटोपली, दिवाळी झाली, हवा कोरडी झाली की सकाळी सावलीत गाडी लावून कर.

आणि स्टिअरिंगच्या मधल्या भागावर एअरबॅगची खूण असेल तर ते स्वतः खोलू नकोस. चालकाची एअरबॅग 1 जुलै 2019 पासून नव्या गाड्यांत सक्तीची झाली, पण त्याआधीच्याही कितीतरी गाड्यांत ती आहे. धुणं, रंगवणं स्टिअरिंग जागेवर ठेवूनच होतं. काढायची वेळ आलीच तर बॅटरी सोडवून जाणत्या मेकॅनिकलाच काढू दे. तेवढं माझं ऐकशील ना?