पूर्ण झालेल्या संकेतस्थळाकडे पुन्हा वळताना

कालवा खोदून पूर्ण झाला आणि पाणी शेतात पोहोचले, तरी त्याची निगा संपत नाही. गाळ काढावा लागतो, अस्तरातील भेगा बुजवाव्या लागतात. संकेतस्थळाचेही असेच आहे. संस्थेने काम स्वीकारले, देयक अदा झाले, की रचनाकार नव्या कामाला लागतो. दरम्यान वाचकांची साधने बदलत राहतात आणि एके काळचे निर्दोष काम कुचकामी ठरते. म्हणूनच जुन्या कामाची फेरतपासणी हा रचनाकाराच्या कर्तव्याचाच भाग होय.

अक्षरे दिसतात, पण वाचता येत नाहीत

युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीच्या १९९१ मधील पहिल्याच आवृत्तीत देवनागरीचा समावेश होता. तथापि त्यानंतरही अनेक वर्षे मराठी मजकूर जुन्या फाँटमध्ये प्रसिद्ध होत राहिला. अशा मजकुरात संगणकाच्या लेखी रोमन अक्षरेच असतात. त्यांना देवनागरीचा केवळ आकार दिलेला असतो. परिणामी शोधयंत्राला तो सापडत नाही, तो फाँट नसलेल्या मोबाइलवर निरर्थक चिन्हे उमटतात आणि अंध व्यक्तीला मजकूर वाचून दाखविणारा स्क्रीन रीडर हतबल होतो. त्या पानावर शिष्यवृत्तीची सूचना असेल, तर पात्र विद्यार्थ्याची मुदत निघून जाते. सूचना प्रसिद्ध झाल्याची नोंद मात्र दप्तरी राहते!

हा मजकूर युनिकोडमध्ये आणणारी साधने उपलब्ध आहेत. परंतु त्यांवर विसंबून चालत नाही. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकित होते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठविली जाते. त्यामुळे वेलांटी, रफार व जोडाक्षरे यांत चुका राहतात. नावे, रकमा व तारखा मूळ प्रतीशी ताडून पाहणे अगत्याचे आहे.

तपासणीचा क्रम

वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियमची सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वे येथे उपयोगी पडतात. सर्वसाधारण आकाराची अक्षरे व पार्श्वभूमी यांच्यातील उजळपणाचे प्रमाण किमान ४.५ : १ असावे. २०१८ च्या आवृत्तीनुसार ३२० पिक्सेल रुंदीच्या पडद्यावरही मजकूर आडवा सरकवावा लागू नये. चित्रांना शब्दांत वर्णन असावे आणि अर्ज केवळ कळफलकाच्या साहाय्याने भरता यावा. फ्लॅश तंत्रावर आधारलेली पाने नव्याने बांधणे अपरिहार्य आहे. कारण ३१ डिसेंबर २०२० नंतर त्या तंत्राचा आधार बंद झाला.

ही केवळ सोय नव्हे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये माहिती व संपर्क साधनांच्या सुगम्यतेची तरतूद आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील जीवनाच्या हक्काचा भाग असल्याचा निर्वाळा दिला.

संस्थेला विश्वासात घ्यावे

सुधारणा परस्पर करू नयेत. दोषांची यादी संस्थेपुढे ठेवावी, संपूर्ण प्रत जपून ठेवावी व बदल आधी स्वतंत्र प्रतीवर तपासावेत. पानांचे पत्ते शक्यतो कायम ठेवावेत. बदलल्यास जुन्या पत्त्यावरून वाचक आपोआप नव्या पानावर पोहोचेल अशी व्यवस्था करावी. स्वतःची चूक विनामूल्य दुरुस्त करावी. काळाने निर्माण केलेल्या कामाचा मोबदला आधी ठरवावा. वार्षिक तपासणीचे कलम मूळ करारातच असल्यास उत्तम.

शेवटी, ज्यांच्यासाठी हे काम आहे अशा दोन-चार व्यक्तींना, त्यांत एखाद्या अंध वाचकालाही, समोर बसवून अर्ज भरावयास सांगावे. तो अर्ज विनासायास भरला गेला, तरच काम पूर्ण झाले असे म्हणता येईल.