पूर ओसरल्यावरचं पाणी

बामणोलीच्या धक्क्यावरून मी २१ वर्षं लाँच चालवतोय. कोयनेचा शिवसागर म्हणजे १०५ टीएमसीचं पाणी, त्याचा राग-लोभ मला कळतो असं मला वाटायचं. मग जुलै २०२१ आला. वर महाबळेश्वरात चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि दरडींबरोबर झाडंच्या झाडं पाण्यात उतरली. पाऊस थांबला, ऊन पडलं, तळं आरशासारखं झालं. खरी गडबड तिथून सुरू झाली.

१. तरंगणारा ओंडका दिसतो, त्याला घाबरू नका. घाबरायचं ते उभ्या ओंडक्याला. मुळांत माती-दगड धरून आलेलं झाड बुडखा खाली करून पाण्यात उभं राहतं. वर दिसतो वीतभर काळा शेंडा, लाट आली की तोही नाही. मला वाटलं, पाणकावळा बसलाय, उडेल. वेग कमी केला नाही. धाडकन आवाज झाला, पंख्याचं पातं मुडपलं आणि शाफ्टच्या बाजूनं पाणी आत यायला लागलं. लाँचमध्ये अकरा माणसं. एका आजींनी डोक्यावरची चुंबळ सोडून फडकं पुढे केलं, "घे लेका, कोंब." ते कोंबलं, तेलाच्या डब्यानं पाणी उपसलं आणि वल्ही मारत काठ गाठला. तेव्हापासून पुरानंतर एक पोरगा बांबू घेऊन नाळेवर बसतो, त्याशिवाय मी मशीन सुरू करत नाही.

२. जुन्या खुणा विसरा. ज्या खडकाला धरून वळायचो तो बुडालेला असतो आणि ओढ्याच्या तोंडाशी, जिथं तीन पुरुष पाणी असायचं, तिथं गाळाची भर पडलेली असते. पाणी चहासारखं गढूळ, तळ दिसत नाही. बांबूनं मापायचं.

३. वर बघा. पाणी चढलं की विजेच्या तारा तेवढ्याच खाली येतात.

४. माणसं मोजा. हे सांगायला सोपं, पाळायला अवघड, कारण चढणारा परका नसतो; चुलता असतो, मामा असतो, "एवढ्या एकानं काय होतंय?" म्हणतो. कोयना कराडला जिला मिळते त्या कृष्णेवर, पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला, ८ ऑगस्ट २०१९ रोजी पुरातून लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली. पेलवतील त्याहून जास्त माणसं बसली होती. १७ जण गेले. दुसऱ्या फेरीचं डिझेल मी खिशातून घालतो, पण मामाला काठावर ठेवतो. मामा अजून बोलत नाही.

५. जॅकेट अंगात हवं. बाकाखालचं जॅकेट उशीच्या कामाचं. त्या दिवशी आमची काढली तर चारांचे पट्टे उंदरांनी कुरतडलेले. त्याला पूर कारण नव्हता, माझा आळस होता.

पुढच्या मे महिन्यात पाणी उतरलं तेव्हा माझा पाणकावळा सापडला. चिखलात आडवं पडलेलं जांभळाचं झाड, चौदा हात लांब, मुळांत अजून दगड अडकलेले.