तापीतीरावरचा निरोप

वैशाखात आमच्या खानदेशात दोन गोष्टी लागोपाठ येतात. शुद्ध तृतीयेस आखाजी, आणि तिच्यानंतर तीन आठवड्यांनी, वद्य दशमीस, मुक्ताईनगर-कोथळीस आदिशक्ती मुक्ताबाईंचा अंतर्धान सोहळा. आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, गौराई मांडतात, निंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. चार दिवस घर भरून जाते. मग ज्याचे त्याचे बोलावणे येते आणि आईला लेक वाटेला लावावी लागते. याच महिन्यात, शके १२१९ मध्ये (सन १२९७), निवृत्तिनाथांनी आपली धाकटी बहीण तापीच्या काठी अशीच वाटेला लावली. फरक इतकाच, की ती पुन्हा माहेरी यावयाची नव्हती.

वाचक वारकरी बंधुभगिनींनो, प्रस्तुत पाठ नामदेवरायांच्या समाधिप्रकरणाचा आहे. नामदेवांच्या गाथेत या भावंडांचे चरित्र आदि, तीर्थावळी आणि समाधी अशा तीन प्रकरणांत आले आहे. त्यांतील समाधीचे अभंग कार्तिक वद्य त्रयोदशीच्या सुमारास गावोगाव गायिले जातात. ते सर्वच्या सर्व पहिल्या नामदेवांचे, की मागाहून झालेल्या नामयांचीही त्यांत भर आहे, हा वाद पंडितांनी करावा. आम्हांस डोळ्यांत पाणी आणणारा नामा एकच पुरे. मात्र हे प्रकरण आपण अर्धेच गातो अशी माझी तक्रार आहे, आणि त्यात पहिला अपराधी मी स्वतः आहे.

सुमारे तीस वर्षांमागची गोष्ट. साक्री तालुक्यातील एका गावी सप्ताह होता. काल्याच्या आदल्या रात्रीचे कीर्तन माझ्याकडे. मी समाधीचा प्रसंग लावला. तेव्हा गळा चांगला होता आणि त्याचा अभिमानही होता. शिळा लागली, टाळकऱ्यांनी गजर उचलला, मंडपात स्फुंदण्याचा आवाज आला आणि मला वाटले, आजचे कीर्तन साधले. आरती झाली, लोक पाया पडून जाऊ लागले. एक बाई शेवटपर्यंत थांबली होती. पस्तिशीची असेल. तिचा मुलगा त्याच वर्षी विहिरीत पडून गेला होता, हे विणेकऱ्याने मला मागाहून सांगितले. ती म्हणाली, “महाराज, ज्ञानोबा गयात, ते समजनं. पन मांगे ऱ्हायनात, त्यास्नी काय करं?”

मागे राहिले त्यांनी पुढे काय केले, एवढेच तिचे विचारणे. मी गीतेच्या दुसऱ्या अध्यायावर हात टाकला. आत्मा मरत नाही, शहाणा शोक करीत नाही, अशी पाचसहा वाक्ये ठोकून दिली. तिने ती ऐकून घेतली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि निघून गेली. माझे उत्तर शास्त्राला धरून होते. तिने विचारले होते त्याला धरून नव्हते.

पाठशाळेत काव्य शिकविताना गुरुजींनी आम्हांस वियोगाची दोन चित्रे दाखविली होती, दोन्ही कालिदासाची. पहिले रघुवंशाच्या आठव्या सर्गातील. आकाशातून एक माळ पडण्याचे निमित्त होऊन इंदुमती गतप्राण झाली आणि राजा अज तिला मांडीवर घेऊन रडत बसला. वसिष्ठांनी शिष्याकडून उपदेश धाडला, पण तो राजाच्या मनात ठरला नाही. मुलगा दशरथ लहान, म्हणून आठ वर्षे कशीबशी ढकलली आणि मग गंगा-शरयूच्या संगमावर त्याने देह ठेवला. याने प्रेम केले, पण हात सोडता आला नाही. दुसरे चित्र शाकुंतलाच्या चौथ्या अंकातील. कण्वमुनी मुलीची पाठवणी करतात. रानात राहणाऱ्या माझ्यासारख्याची ही दशा, तर संसारी लोकांचे काय होत असेल, असे त्यांच्या मनात येते. पण मुलगी दिसेनाशी झाल्यावर ते म्हणतात, की परक्याची ठेव परत केल्यासारखे मन मोकळे झाले.

आता लहान तोंडी मोठा घास घेतो. कालिदासाला हात जोडून सांगतो, हे ठेवीचे बोलणे मला कधी पटले नाही. आखाजीनंतर लेकीला गाडीत बसवून आलेली आई ओसरीवर बसते ती ठेव पोचविल्यासारखी बसत नाही. तिला विचारून पाहावे.

नामदेवांनी तिसरे चित्र काढले आहे. आळंदी, शके १२१८ (सन १२९६). समाधीची जागा नामदेवांच्या चार मुलांनी, नारा, विठा, गोंदा आणि महादा यांनी झाडून स्वच्छ केली. ज्ञानदेव निघाले तेव्हा एक हात निवृत्तिनाथांनी धरला, दुसरा प्रत्यक्ष पांडुरंगाने. आसनावर बसविले, पुढे ज्ञानेश्वरी ठेवली. मग निवृत्तिनाथांनी देवाला बाहेर आणले आणि समाधीला शिळा लावली.

येथे थोडे थांबावे. देवाला बाहेर आणले! नामदेवांच्या वर्णनात देवही सद्गदित आहे. त्याला हाताला धरून बाहेर आणणारा कोण? ज्याचे सर्वस्व आत राहिले तो. रूढ शकांप्रमाणे निवृत्तिनाथ तेव्हा तेवीस वर्षांचे, ज्ञानदेव एकवीस. आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतल्यापासून या मुलानेच तिघांना वाढविले. तो वडील भाऊ, तोच गुरू. ज्ञानेश्वरीच्या पानोपानी ज्याच्यापुढे मस्तक लवते तो हा. अशा अधिकारी पुरुषाचा शोक नामदेव झाकून ठेवीत नाहीत. बांध फुटून तळे वाहून जावे तसे त्यांचे रडणे वर्णिले आहे. इतर संत समजूत घालू पाहतात, ती चालत नाही.

आमच्यातील काही विद्वानांस हे अवघड वाटते. ज्ञान्याला शोक कसा? मग ते म्हणतात, ही लोकसंग्रहासाठी केलेली लीला. मीही कित्येक वर्षे तेच सांगितले. आता सांगत नाही. ती लीला असती तर नामदेवांनी तिला एवढी जागा दिली नसती. निवृत्तिनाथ खरेच रडले, आणि रडत असताना त्यांच्या हातांनी शिळा लावण्याचे काम चुकविले नाही. अजासारखे ते धरून बसले नाहीत, कण्वांसारखे हलकेही झाले नाहीत. हात सोडला तो धरलेला होता म्हणूनच सोडता आला. ज्याने कधी धरलाच नाही, त्याचे वैराग्य म्हणजे रिकाम्या हाताचे दान.

आणि येथेच आम्ही गजर करून आरती लावतो.

वास्तविक त्या बाईच्या प्रश्नाचे उत्तर यापुढच्या अभंगांत आहे. शिळा लागल्यावर ही मंडळी आळंदीस बसून राहिली नाहीत. महिन्याने, मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीस, सासवडला कऱ्हेच्या काठी सोपानदेवांनी समाधी घेतली. म्हणजे एका शिळेची ओल वाळली नाही तोवर दुसरी. पुढे चालता चालता मुक्ताई उदास होत गेली. दोन भाऊ गेले, देह राखण्यात तिला गोडी उरली नाही. निवृत्तिनाथांच्या ते ध्यानात आले असलेच पाहिजे. ज्याने पोर वाढविले त्याला तिच्या जेवण्यावरून कळते. पण त्यांनी तिला दटावले नाही, अडविले नाही, तिच्याबरोबर चालत राहिले. अशी ती मंडळी तापीच्या काठी मेहूणला आली. आणि एके दिवशी विजेचा कडकडाट झाला, त्यात मुक्ताई दिसेनाशी झाली. आळंदीला निदान हात धरता आला, आसन घालता आले, शिळा लावता आली. तापीकाठी काहीच हाती राहिले नाही. निरोप घ्यावयाससुद्धा सवड मिळाली नाही. मुक्ताबाई तेव्हा अठरा वर्षांची.

विहिरीत मुलगा गेलेल्या आईचा वियोग या जातीचा होता. तिला आळंदी सांगून काय उपयोग? तिला मेहूण सांगावयास हवे होते. साक्री काय नि मेहूण काय, एकाच खानदेशात. आणि मला ते सुचले नाही.

महिन्याभराने, ज्येष्ठ वद्य द्वादशीस, त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांनीही समाधी घेतली. आठ महिन्यांत चौघे गेले. उरले नामदेव.

हे सगळे पाहणारा नामदेव कोण होता, हे लक्षात घेतल्यावाचून या अभंगांची किंमत कळत नाही. हा तोच, जो तीर्थावळीत पंढरी सोडून निघताना रडला होता. देव म्हणजे विटेवरची मूर्ती, ती डोळ्यांआड झाली की याचा जीव कासावीस. संतमेळ्यात गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन एकेकाचे डोके पारखले, तेव्हा हेच मडके कच्चे निघाले. त्या परीक्षेला निमित्त मुक्ताईच झाली, असे परंपरा सांगते. मग नामदेव रुसून देवाकडे गेले आणि देवाने त्यांना औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे धाडले. ज्या पोरीने याला कच्चे ठरविले, तिचे शेवटचे वर्णन याच्याच वाणीतून आपणांस मिळाले आहे. त्यात रागाचा कण नाही.

शके १२१८ नंतर नामदेव चोपन्न वर्षे राहिले. सन १३५० मध्ये पंढरीच्या महाद्वारी, आज जिला आपण नामदेव पायरी म्हणतो तेथे, त्यांनी देह ठेवला. मधल्या काळात पंढरी क्षणभर न सोडणारा हा भक्त उत्तरेत पंजाबापर्यंत चालत गेला. गुरुदासपूर जिल्ह्यात घुमान येथे त्यांचे स्थान आहे, आणि शिखांच्या गुरुग्रंथसाहेबात त्यांची ६१ पदे आहेत. मागे राहिले त्यांनी काय केले? रडून घेतले, ज्यांना सोडले त्यांची गोष्ट गायिली, आणि ज्यांच्यावर पूर्वी जीव लावला नव्हता अशा परक्या लोकांतही देव पाहिला. विटेवरचा देव डोळ्यांआड झाल्यावर जो तळमळत होता, त्याला तो शेकडो कोसांवर, परक्या भाषेत सापडला. चोपन्न वर्षांचे हे उत्तर मी त्या बाईला पाच वाक्यांत दिले होते, तेही दुसऱ्याच प्रश्नाचे!

संतांचेच कशाला, असोद्याची लेक बहिणाबाई चौधरी घ्या (१८८०-१९५१). शाळा पाहिलेली नाही. जळगावास दिली, ऐन तिशीत नवरा, नथूजी, गेला. पदरी तीन मुले. जात्यावर आणि शेतात तिने रचलेली गाणी मुलगा सोपानदेव आणि एक मावसभाऊ यांनी उतरून घेतली म्हणून वाचली, आणि ती गेल्यानंतर १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह छापून निघाली. वैधव्यावरचे तिचे एक गाणे आहे. कुंकू पुसले गेल्यावर त्याखाली झाकलेली नशिबाची रेघ उघडी पडली, असे त्यात ती म्हणते. रडते, आणि रडून झाल्यावर शेजारणींना सांगते की माझी कीव करू नका. या बाईने रघुवंश ऐकले नव्हते, पण अजाला जे जमले नाही ते तिला जमले. पुढे चाळीस वर्षे ती राबली आणि गात राहिली. नवऱ्यावरचे प्रेम कमी झाले म्हणून नव्हे. तिची गाणी वाचणाऱ्याला ते सांगावे लागत नाही.

माझ्या घरची तीन वर्षांमागे ज्येष्ठात गेली. मुक्ताईची पालखी पंढरीकडे निघाली होती. मानाच्या सात पालख्यांपैकी ही, आणि लांबून येणारी, म्हणून लवकर निघते. तिने बावीस वाऱ्या त्या दिंडीत केल्या होत्या. वारीची तिची पिशवी, आत एक पातळ, टाळजोडी आणि गोपीचंदनाची कांडी, खुंटीवर तशीच राहिली. लोक भेटावयास आले, त्यांनी मला गीतेचा दुसरा अध्याय सांगितला. त्यांचे चुकले असे म्हणणार नाही. पण ऐकताना मला साक्रीकडची ती रात्र आठवली आणि मान वर करवेना.

दोन वर्षे मी समाधीचा प्रसंग लावलाच नाही. गेल्या ज्येष्ठात पिशवी खुंटीवरून काढली, आणि दिंडीत प्रथमच निघालेल्या एका सुनेला टाळजोडी दिली. पातळ अजून घरीच आहे. ते देईन तेव्हा देईन.

मग कार्तिकात अंमळनेरजवळच्या एका गावी समाधीचे कीर्तन आले. शिळा लागली, टाळकऱ्यांनी सवयीने हात उचलले, मी त्यांना खुणेने थांबविले आणि सासवडला निघालो. सासवडहून तापीवर, तापीवरून त्र्यंबकला, त्र्यंबकहून नामदेवांबरोबर घुमानला. बारा वाजून गेले. पुरुष मंडळींत चुळबूळ सुरू झाली, दोनचार उठलेही. बायका बसून होत्या. आरती झाल्यावर मृदंगमणी मला म्हणाला, “महाराज, कीर्तन शिळेवर संपलं असतं तर रंगलं असतं. पुढं जरा लांबलं.” त्याचे म्हणणे कीर्तनाच्या हिशेबाने बरोबर आहे. मी पुढच्या वर्षीही लांबविणार आहे.

साक्रीकडच्या त्या गावचा सप्ताह माझ्याकडे पुन्हा आला नाही. बाईचे नाव मी विचारले नव्हते. आज ती पासष्टीची असेल. आपला हा अंक त्या गावात दोन घरी जातो असे व्यवस्थापकांनी सांगितले, म्हणून हा पाठ लिहून दिला. ज्यांच्या घरी तो जात असेल त्यांनी एवढे करावे, की एखाद्या एकादशीला तो मोठ्याने वाचावा, आणि शेजारच्या आयाबायांना बोलवावे.