पाचवं शील मोडलं, तरी दार बंद होत नाही



गेल्या महिन्यात वंदना चालू असताना एक भाऊ विहाराच्या बाहेरच थांबला होता. "आत का आला नाहीस?" असं विचारलं, तर म्हणाला, "ताई, तोंडाने पाचवं शील घ्यायचं आणि संध्याकाळी गुत्त्यावर जायचं. आत यायची लाज वाटते."

मी परिचारिका असताना असे कितीतरी भाऊ वॉर्डात पाहिले. कावीळ होऊन, पोटात पाणी झाल्यावर आलेले. आजार जेवढा दारूने वाढतो, तेवढाच तो लाजेपायी लपवल्याने वाढतो. व्यसन हा आजार आहे. नुसती शपथ घालून तो सुटत नाही. उपचार लागतो आणि सोबत लागते.

आधी डॉक्टर

रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली, तर पहिल्याच दिवशी हात थरथरतात, घाम येतो, झोप लागत नाही. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भ्रम होऊन माणूस नसलेलं पाहू लागतो. यात जीवही जातो. म्हणून जिल्हा रुग्णालयाच्या किंवा मोठ्या सरकारी दवाखान्याच्या मानसोपचार विभागात आधी दाखवा. तिथे त्रास कमी करणाऱ्या गोळ्या आणि 'बी-१' जीवनसत्त्व देतात. फिट आली किंवा माणूस बरळू लागला, तर १०८ ला फोन करा.

बायांनो, भाजीत गुपचूप मिसळायची पुडी आणू नका. त्यात दारूशी न जमणारं औषध असलं आणि माणूस त्यावर प्यायला, तर त्याचा रक्तदाब एकदम खाली जाऊन जीव धोक्यात येतो.

मग सोबत

दवाखान्यातून सुटल्यावर खरी परीक्षा सुरू होते. तोच नाका, तेच मित्र, पगाराचा तोच दिवस. इथे आधारगट उपयोगी पडतो. 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस', म्हणजे ए. ए., ही दारू सोडलेल्या आणि सोडू पाहणाऱ्या माणसांची संघटना आहे. १९३५ साली अमेरिकेत दोन दारुड्यांनी एकमेकांना धरून ती सुरू केली. त्यातला एक स्वतः डॉक्टर होता. भारतात ती १९५७ पासून आहे. फी नाही. दारू सोडायची इच्छा, एवढीच अट.

मीटिंग कुठे आहे हे १४४४६ या सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर, दवाखान्यातल्या समाजसेवकाला किंवा जवळच्या व्यसनमुक्ती केंद्रात विचारा. बऱ्याच मीटिंगा शाळेच्या वर्गात किंवा चर्चच्या हॉलमध्ये संध्याकाळी भरतात. चर्च पाहून बिचकू नका, ती फक्त जागा असते. मराठीतली मीटिंग मागून घ्या. 'ओपन' मीटिंगला घरचे लोकही बसू शकतात, 'क्लोज्ड' फक्त दारूचा त्रास असणाऱ्यांसाठी असते.

पहिल्या दिवशी काय होतं?

खुर्च्या मांडलेल्या असतात, बहुतेक ठिकाणी चहा मिळतो. एकेक जण उठून आपलं नाव सांगतो, 'मी मद्यपी आहे' म्हणतो आणि स्वतःची कहाणी सांगतो. मध्ये कुणी उपदेश करत नाही. तुम्ही नुसतं ऐकून आलात तरी चालतं. शेवटी पैशासाठी पिशवी फिरते, नसतील तर देऊ नका. आडनाव कुणी विचारत नाही. आयुष्यभर आडनावावरून आपली जात ताडणाऱ्यांना तोंड दिलेल्या आपल्या माणसाला ही गोष्ट फार मोकळी वाटते.

निघताना दोन-तीन जणांचे फोन नंबर घ्या. तलफ आली की गुत्त्याकडे जाण्याआधी फोन करायचा, यासाठीच ते असतात. एक गट नाही पटला, तर दुसरा पाहा. किमान पाच-सहा मीटिंगा केल्याशिवाय मत बनवू नका.

देवाचं काय?

हा प्रश्न मला वस्तीत नेहमी विचारतात. ए. ए. च्या बारा पायऱ्यांत देवाचा उल्लेख आहे, मीटिंगमध्ये प्रार्थनाही होते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाला ते खटकणारच. पण त्या पायऱ्यांतच 'ज्याला जसा समजला तसा' अशी मोकळीक आहे. देव न मानणारे कित्येक जण गटालाच आपल्याहून मोठी ताकद मानतात. आपल्याला ते अवघड नाही, आपण संघाला शरण जाणारी माणसं आहोत. प्रार्थनेच्या वेळी शांत बसलात, तरी चालतं.

घरच्यांसाठी

नवरा यायला तयार नसला, तरी बायकोने थांबू नये. मद्यपींच्या घरच्यांसाठी 'अल-अ‍ॅनॉन' नावाचे वेगळे गट आहेत. मारहाण होत असेल, तर मात्र आधी स्वतःची आणि लेकरांची सुरक्षा पाहा. महिला हेल्पलाइन १८१ आहे. दारू पिणाऱ्या बायाही आपल्यात आहेत. त्यांना नावं ठेवू नका, सोबत घेऊन जा.

पुन्हा प्यायलो तर?

पुन्हा मीटिंगला जायचं. ए. ए. मध्ये 'फक्त आजचा दिवस' म्हणतात. जन्मभराची शपथ नाही, आज प्यायची नाही एवढंच. आपलं शीलही शिक्षापद आहे, म्हणजे शिकण्याचा नियम. म्हणून तर प्रत्येक वंदनेला आपण ते नव्याने घेतो.

त्या भावाला मी सांगितलं, "लाज वाटते ना, मग बाहेर नको, आत बस." पुढच्या शनिवारी मी आणि त्याची बायको त्याला मीटिंगच्या दारापर्यंत सोडायला गेलो. तुमच्या गल्लीत असं कुणी असेल, तर एक संध्याकाळ त्याच्यासाठी काढा.

जय भीम. नमो बुद्धाय.